सुतळीनं बांधलेला मधला भाग

परवा एका शाळेचे दोन शिक्षक स्मरणिकेसाठी लेख मागायला घरी आले. विषय त्यांनीच ठरवून आणला होता: मोबाइल आणि मुलांची विचारशक्ती. चहा आल्यावर मी सवयीनं विचारलं, "कुणासाठी?" त्यातला तरुण शिक्षक गोंधळला. "म्हणजे सर, वाचकांसाठी," तो म्हणाला. मी म्हटलं, वाचक म्हणजे कोण? पालक असतील तर मोबाइल वाईट. संस्थाचालक असतील तर मोबाइल म्हणजे प्रगती. शिक्षक असतील तर मोबाइल वाईटच, पण शिक्षक फार चांगले. ते दोघं मनापासून हसले. मी काही विनोद केला नव्हता. तब्येतीचं कारण सांगून मी त्यांना वाटेला लावलं आणि दिवसभर स्वतःवरच चिडचिड करत बसलो.

"कुणासाठी?" हा प्रश्न मुळात माझा नाही. तो नांदेडच्या जुन्या वस्तीतल्या एका जुळाऱ्याचा आहे. अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक करून उचलायचे, त्यांच्या ओळी लावायच्या आणि त्यावरून छपाई करायची, हे काम करणारा माणूस म्हणजे जुळारी. हा पेशा आता उरला नाही. वडिलांपासून चालत आलेला छोटा छापखाना होता त्यांचा. लग्नाच्या पत्रिका, पावतीपुस्तकं, हँडबिलं, मराठी आणि उर्दू दोन्ही. मी त्यांना भाई म्हणायचो, ते मला सर. हस्तलिखित हातात घेतलं की वाचायच्या आधी ते विचारायचे, "कुनासाठी हाय, सर?" कारण अगदी धंद्याचं होतं. खेड्यातल्या माणसांसाठी असेल तर खिळे मोठे घ्यायचे, साहेबलोकांसाठी मध्यम, प्राध्यापकांसाठी बारीक. "प्रोफेसर लोकांना बारीक अक्षर दिसलं की वाटतं, यात काहीतरी खोल हाय," असं ते अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगायचे.

आमची ओळख लातूरकडच्या भूकंपाच्या वर्षी झाली. मी नांदेडच्या एका ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवत होतो. गाव निलंग्याकडचं. आमच्या घराच्या भिंतींना भेगा गेल्या, माणसं वाचली. त्याच्या पुढच्या गावांत काय झालं ते मी इथं लिहीत नाही. लिहून झालंय, निरनिराळ्या लोकांसाठी. मदतीला आलेल्या एका मंडळानं मला लेखणीच्या कामाला लावलं, कारण खणण्या-उचलण्यात माझा काही उपयोग नव्हता. त्या दिवसांत अफवांना ऊत आला होता. अमक्या वारी पुन्हा हादरा बसणार, मशीनवर आधीच उमटलंय, सरकार दडवून ठेवतंय. पत्र्याच्या शेडमध्ये राहणारी माणसं पोरंबाळं घेऊन सारखी बाहेर येऊन बसायची. भूकंप मोजणारं यंत्र काय करू शकतं आणि काय नाही, हे समजावणारं पत्रक मला लिहायचं होतं.

एका शेडच्या दाराशी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. मी त्यांच्यापुढे बसकण मारली आणि अर्धा तास यंत्र समजावून सांगितलं. सुई कशी हलते, कागदावर रेघ कशी उमटते, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे मशीनला कळतंय, पर आधी कळत न्हाई. मंग मशीन आन् मी सारखंच की." मी खूश होऊन ते वहीत उतरवायला लागलो. माझी मान खाली असतानाच ते पुढं म्हणाले, "फकस्त मशीनच्या घरातलं कुनी गेलं न्हाई."

हे मी उतरवलं नाही.

त्यांचं आधीचं बोलणं मात्र मी तीनदा वापरलं. गावकऱ्यांच्या पत्रकात लिहिलं: बघा, आपलेच एक वडीलधारे सांगतात की यंत्रालासुद्धा आधी कळत नाही, तेव्हा अफवांवर विश्वास ठेवू नका, आपलं डोकं चालवा. मदत देणाऱ्यांसाठी जो अहवाल केला त्यात तेच गृहस्थ अडाणीपणाचं उदाहरण झाले: यंत्र आणि माणूस सारखेच, असं समजणाऱ्या या लोकांत विज्ञानाची जाण रुजवणं किती गरजेचं आहे, वगैरे. आणि शहरातल्या एका साप्ताहिकाला लेख पाठवला त्यात ते एकदम शहाणे झाले. यंत्रयुगाची टोपी उडवणारा मराठवाड्याचा म्हातारा. तिन्ही ठिकाणी वाहवा झाली. दुसरं वाक्य तिन्ही ठिकाणी बसत नव्हतं, म्हणून गाळलं.

तिन्ही मजकूर त्या एकाच छापखान्यात जुळले, कारण साप्ताहिकाचाही लेख मी आधी छापून काढून मित्रांना वाटला. तेवढी हौस होती तेव्हा. सुरुवात आणि शेवट वेगळा असला तरी मधला एक परिच्छेद तिन्हींत सारखा होता. तो असा होता: "यंत्र हे साधन आहे. विचार माणसानंच करायचा असतो. यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही, तसा यंत्रावर सगळं सोपवण्यातही नाही." मध्यम खिळे तिन्हीकडे चालून जातात म्हणून भाईंनी तो परिच्छेद मध्यम खिळ्यांत एकदाच जुळवला. छापून झाल्यावर खिळे परत खणात टाकण्याऐवजी त्यांनी त्याला चौफेर सुतळी बांधली, कागदात गुंडाळलं आणि वर शिसपेन्सिलीनं लिहिलं, "सरांचा मधला भाग". पुढच्या वेळी गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "काय बदलायचं, सर? मुंडी का शेपूट?"

मी हसलो होतो. मला तेव्हा तो माझ्या कसबाचा गौरव वाटला.

त्यांची धाकटी मुलगी त्या वेळी पाच-सहा वर्षांची असेल. शाळेतून आली की छापखान्यातच असायची. तिथं जमिनीवर बसून ती खिळ्यांशी खेळायची. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, आरशातल्यासारखं. तिला आधी ती उलटी अक्षरं वाचता यायला लागली आणि सुलटी नंतर शाळेत. बाईंनी तक्रार केली तेव्हा भाई छाती फुगवून सांगायचे, "उलटं वाचनारीला सुलटं शिकवायला काय टाइम लागतो?" पुढं गणितातही तिची तीच खोड राहिली. गणित दिलं की ती उत्तर गृहीत धरून उलटी मागं यायची आणि वाटेत काय काय लागतं ते बघायची. वेळ लागायचा. पण एकदा आलं की ते गणित तिच्या मालकीचं व्हायचं.

मधल्या वर्षांत लातूरचा डंका वाजायला लागला. गुणवत्ता यादीत लातूर, मग डॉक्टर-इंजिनिअरच्या प्रवेशासाठी सीईटी आली तर सीईटीत लातूर. नांदेडही मागं राहिलं नाही. ज्या गल्लीत किराणा दुकानं होती तिथं क्लासच्या पाट्या लागल्या. शिरूर अनंतपाळपासून अर्धापूरपर्यंत पोरं-पोरी ट्रंका घेऊन एसटीतून उतरायला लागली. आणि या सगळ्याला शब्द लागत होते. माहितीपुस्तकं, वर्तमानपत्रातली पान-पान जाहिरात, पालक मेळाव्याची भाषणं. विज्ञानाच्या मास्तरांना क्लास मिळाले, मराठीच्या मास्तराला क्लासचं लेखन मिळालं.

सीईटीचा पेपर यंत्र तपासायचं. चार पर्यायांतला एक गोल काळा करायचा, बस्स. यावरून लोक अस्वस्थ होते, आणि लोक अस्वस्थ असले की लेख मागतात. माझा "यंत्र आणि विचार" हा लेख त्या काळात किती रूपांत फिरला हे मलाही नीट सांगता येणार नाही. शिक्षकांच्या अंकात मी लिहिलं की गोल काळे करून पिढीची विचारशक्ती काळी पडते आहे. त्यावर मला शाल मिळाली. क्लासवाल्यांसाठी लिहिलं की यंत्रानं मुलाला निबंधाच्या आणि सुवाच्य अक्षराच्या जाचातून मोकळं केलं, आता शुद्ध बुद्धीलाच वाव. डॉक्टरांच्या एका मंडळासाठी एक्स-रेचं उदाहरण घेतलं. शेतकरी पालकांसाठी नांगर आणि बैल घेतले: ओढायचं काम बैलाचं, नांगराच्या रुमण्यावरचा हात तुमचा. बैल आणि एक्स-रे यांची कधी अदलाबदल होऊ दिली नाही, एवढी काळजी मात्र घेतली. मधला भाग सगळीकडे तोच. त्यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून तर तो कुठंही बसायचा.

तोवर भाईंनी कॉम्प्युटर घेतला होता. खिळ्यांचे खण मागच्या खोलीत गेले. "सर, आता सगळं जुळवायची गरज न्हाई, काय बदललं तेवढंच सांगा," ते म्हणायचे. माझ्या लेखांच्या फायलींना त्यांनी नावं दिली होती: यंत्र-मास्तर, यंत्र-मालक, यंत्र-डॉक्टर, यंत्र-बैल. जगात माझ्या लेखनाचा इतका बारकाईनं अभ्यास दुसऱ्या कुणी केला नसेल. मला कधीकधी वाटायचं, यांच्या मनात माझ्याबद्दल नेमकं काय येत असेल? पण विचारलं नाही. प्रुफं बघता बघता अर्धापूरची केळी खायची, हसायचं आणि घरी यायचं.

मग लातूरच्या एका क्लासनं पालकांसाठी मोठा लेख मागितला. मेहनत घेऊन लिहिला. लोकांना वाटत होतं, यंत्राला माया नाही, ते पोराकडे बघणार नाही. मी ते उलटं फिरवलं. लिहिलं: "यंत्राला तुमच्या मुलाचा चेहरा दिसत नाही, हीच तर मोठी गोष्ट आहे. त्याला गाव दिसत नाही, जात दिसत नाही, आडनाव दिसत नाही. त्याला फक्त बरोबर उत्तर दिसतं." खरं सांगायचं तर हे वाक्य लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर भाईच होते. कागदावर त्यांचं नाव वाचून समोरच्याचा सूर कसा बदलतो, हे त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. मला ठाऊक होतं, हे वाक्य कुठं लागणार. पुढं लिहिलं: "परीक्षेच्या हॉलमध्ये विचार करणारा मागे पडतो. विचार घरी करावा, परीक्षेत हात चालावा. आणि हात चालायला रोजचा सराव हवा." म्हणजे क्लास हवा.

भाईंनी वाचून विचारलं, "कुनासाठी हाय, सर?"

"पालकांसाठी," मी म्हटलं.

त्यांनी आडनावाचं वाक्य न सांगता ठळक केलं. जरा वेळानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमची पोरगी बी लातूरलाच हाय ना, सर?"

माझी मुलगी तेव्हा बारावीला होती. ती त्या आठवड्यात सुट्टीसाठी आजोळी लातूरला गेली होती. मी प्रुफावरून मान न उचलता म्हटलं, "हो, लातूरलाच." त्यात खोटं काय होतं? काहीच नाही. एवढ्या वर्षांत मी खोटं लिहायला शिकलोच नव्हतो. खरं कसं कापायचं एवढंच शिकलो होतो.

पुढच्या वर्षी भाईंनी आपली मुलगी लातूरला घातली, त्याच क्लासला. मला पेढे दिले. मी तोंडात टाकले आणि अभिनंदन केलं. माझ्या जिवाला तेव्हा काही लागलं नाही, हेच आता लागतं.

दोन वर्षांनी क्लासच्या नव्या माहितीपुस्तकाच्या कामासाठी मी लातूरला गेलो होतो. दुपारी बाहेर पडलो तर फाटकाशी भाईंची मुलगी उभी. मी आधी ओळखलंच नाही. गालफडं बसलेली, हातात कागदाची घडी. म्हणाली, "सर, पाच मिनिटं." आम्ही समोरच्या चहाच्या टपरीवर बाकड्यावर बसलो. तिनं घडी उलगडली. माझाच लेख. चार कोपऱ्यांना खळ वाळलेली होती. अब्बांनी इथल्या खोलीच्या भिंतीवर स्वतःच्या हातानं चिकटवून दिला होता.

"हे तुमचंच ना, सर?"

"हो."

"'विचार घरी करावा, परीक्षेत हात चालावा.' हे बी तुमचंच?"

"हो गं."

"मग मला घरी कधी सोडनार? विचार करायला?"

ती हसत होती आणि कागदाची घडी नखानं दाबत होती. मी चहाचा कप उचलला, पुन्हा खाली ठेवला.

तिनं सांगितलं ते थोडक्यात असं. सीईटीचा निकाल लागला होता, नंबर लांब गेला होता. अब्बा म्हणत होते, आणखी एक वर्ष बस, रिपीट कर. क्लासनं तिला पहिल्या बॅचमधून काढून खालच्या बॅचमध्ये टाकलं होतं, कारण ती एका गणितावर रेंगाळते. तिला नांदेडलाच गणित घेऊन बीएस्सी करायचं होतं आणि तिथले प्रवेश आठवडाभरात बंद होणार होते. "आणि सर, दुसरंच काहीतरी व्हायलंय," ती म्हणाली. "आधी मला प्रश्न दिसायचा. आता प्रश्न वाचला की चार गोलच दिसायलेत. मधलं काही दिसतच न्हाई. अजून एक वर्ष इथं बसले तर मला गणित येनारच न्हाई. मी खोटं सांगत न्हाई."

"अब्बांना सांगितलंस का?"

"सांगितलं. ते म्हनतात, सर काय येडे हायेत का? सरांनी विचार करून लिहिलंय." ती बाकड्याच्या फळीवर बोटानं गोल काढत होती. "अब्बांना बोललेलं पटत न्हाई, सर. छापायला आलेलं पटतं. तुम्ही अजून एक लेख लिहा. ह्याच्या उलटा. तुम्हाला तर येतं की."

तुम्हाला तर येतं की. टोमणा नव्हता तो. एखाद्या सुताराला दार उलट्या बाजूला बसवून द्या म्हणावं, तसं ती म्हणाली.

लिहायला तीन दिवस लागले. लातूरहून परत येताना एसटीत सुरू केलं, घरी खोडलं, पुन्हा लिहिलं. माझ्या आयुष्यात एकाच वाचकासाठी लिहिलेला तो पहिला मजकूर. तसा मी सगळ्या तयारीचा माणूस. बाप कसा हलतो, मला माहीत होतं. मुलीच्या बापासाठी काय घ्यायचं, जुळाऱ्यासाठी काय घ्यायचं. मी शिशाच्या खिळ्यांचं उदाहरण घेतलं: यंत्र वेगानं छापतं, पण ओळ जुळवणारा थांबून वाचतो म्हणून चूक सापडते. लिहून झाल्यावर मला बरं वाटलं. चांगलं उतरलंय असंही वाटलं. या वाटण्याची आता शिसारी येते.

मी छापखान्यात गेलो. भाई एकटेच होते. कागद हातात घेऊन त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "कुनासाठी हाय, सर?"

"एका पालकासाठी."

"एका?" ते म्हणाले आणि चष्मा लावला.

ते वाचायला लागले तसा मी समोरच्या कॅलेंडरकडे बघत बसलो. वाचताना त्यांचे ओठ हलायचे, जुनी सवय. पहिलं पान संपवून ते म्हणाले, "'मी स्वतः एक बाप आहे', हे वाक्य मी सहा-सात येळा तरी टाइप केलं असंल." मग दुसरं पान. त्यावर मध्यावर त्यांचं बोट थांबलं. ते उठले, मागच्या खोलीत गेले आणि कागदात गुंडाळलेली एक जड पुडी आणून टेबलावर ठेवली. कागद पिवळा पडला होता. वरचं शिसपेन्सिलीचं अक्षर पुसट झालं होतं तरी वाचता येत होतं.

"हे बगा," ते म्हणाले. "ह्यात बी हायेच."

मी स्वतःचं पान वाचलं. यंत्र हे साधन आहे, विचार माणसानंच करायचा असतो. माझ्या हातानं, माझ्या नकळत, ते पुन्हा तिथं येऊन बसलं होतं. त्यांच्या मुलीला सोडवण्यासाठी लिहिलेल्या कागदातही.

मला वाटलं ते चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. ते खुर्चीत बसले, चष्मा काढला. "सर, लातूरला पोरगी भेटली का तुम्हाला?"

"भेटली."

"मला वाटलंच." ते म्हणाले, "मी तुमचे सगळे लेख जुळवले. मुंडी वेगळी, शेपूट वेगळी, मला दिसत व्हतं. लोक हसायचे, म्हनायचे, तुमचे सर सगळीकडं वेगळं बोलतात. मी म्हनायचो, अरे, अक्षर ल्हान-मोठं करतो ना आपन? ज्याची नजर जशी, त्याला तसं. सर बी तेच करतात. ज्याला जे लागतं, ते त्याला देतात. मंग तो लेख आला. तुम्ही म्हनले, पालकांसाठी हाय. मी पालक हाय. म्हंजे माझ्यासाठी हाय. मी वाचला आन् पोरीला धाडली."

बोलण्यात आरोप नव्हता. हिशोब समजावून सांगावा तसं सांगत होते. मी टेबलावरचे माझे कागद आवरायला लागलो. बाहेर गल्लीत कुणीतरी भंगार गोळा करत ओरडत चाललं होतं.

"कागद राहू द्या, सर," ते म्हणाले. "मला एकच सांगा. तुमची पोरगी त्या क्लासला व्हती, तिला बी असं झालं व्हतं का? चार गोल दिसायचं?"

उत्तरं खूप होती. मी आयुष्यभर अशीच उत्तरं लिहीत आलो होतो. पण मी इतका थकलो होतो की मुंडी सुचली नाही आणि शेपूटही सुचली नाही.

"ती त्या क्लासला नव्हती," मी म्हटलं. "कोणत्याच क्लासला नव्हती."

"तुम्ही म्हनला व्हता, लातूरला हाय."

"आजोळी गेली होती. आठ दिवस."

भाई खुर्चीत पुढं सरकले. मग हळूच विचारलं, "मंग ती काय करायची?"

"घरीच असायची. ओसरीत बसून गणितं सोडवायची. एखादं नाही सुटलं तर दोन-दोन दिवस त्याच्यामागं असायची. मी म्हणायचो, राहू दे, बेटा. घाई नाही."

"घाई न्हाई," ते म्हणाले. त्यांनी पुडीवरची सुतळी अंगठ्यानं चाचपली, गाठ पक्की आहे का बघावी तशी. "एवढं एक वाक्य व्हतं, सर. हे कधी जुळवायला दिलं न्हाई तुम्ही."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीनं ते लातूरला गेले आणि संध्याकाळी ट्रंकेसकट मुलीला घेऊन आले. प्रवेशाची मुदत संपायला तेव्हा दोन दिवस होते. हे मला दुसऱ्यांकडून कळलं.

महिनाभरानं मी पुन्हा त्या गल्लीत गेलो. क्लासचं माहितीपुस्तक छापायला द्यायचं राहिलं होतं, आणि दुसरीकडे जावं असं मनाला पटत नव्हतं. भाई मागच्या खोलीत कागद कापत होते. त्यांनी मान वळवून "या, सर" म्हटलं आणि पुन्हा कापायला लागले. कॉम्प्युटरवर ती बसली होती. कॉलेज सुरू व्हायला वेळ होता म्हणून हाताला काम, असं म्हणाली. चेहरा भरला होता. शेजारी एका पत्रिकेच्या रद्दी कागदावर पेन्सिलीनं कसलीशी आकडेमोड चालू होती, अर्धवट सोडलेली, खाडाखोड केलेली, घाई नसलेली.

तिनं माझ्या हातून कागद घेतले, नीट जुळवून टेबलावर आपटले आणि बोटं कळफलकावर ठेवली. तिला बापाकडून आलेली सवय. मजकुराकडे न बघता तिनं विचारलं, "कुनासाठी हाय, सर?"

मागच्या खोलीतला कापण्याचा आवाज थांबला.

मी टेबलावरचे कागद परत घेतले. म्हटलं, थोडी दुरुस्ती राहिली आहे. ती म्हणाली, "बरं सर, झाली की आणा."